रिपोर्टमधली खालची ओळ
पॅपिलरी कॅन्सर निघाला, थायरॉईड पूर्ण काढली, मग रेडिओआयोडीनचा डोस. डोसआधी दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ बंद, मासे बंद. श्रावण सोडून इतके दिवस हुमण शिजलं नाही, असं डिचोलीच्या आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. घरच्या कुणीच माझ्यासमोर मासे खाल्ले नाहीत.

नंतर दर सहा महिन्यांनी रक्तातलं थायरोग्लोब्युलिन तपासायचं. हे प्रथिन थायरॉईडच्याच पेशी बनवतात, निरोगी असोत वा कॅन्सरच्या. ग्रंथी गेली की ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. माझं आलंही. पण डॉक्टरांनी खालच्या ओळीवर पेन टेकवलं: याच प्रथिनाविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी, 412. त्या रक्तात असल्या की वरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. हातात आलेला आनंद तिथेच निसटला.

त्याच सुमारास भाच्याने रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी मोजणाऱ्या टेस्टबद्दल सांगितलं. मला वाटलं, हेच हवं! पेशी आहे की नाही, विषय संपला. पैसेही बाजूला काढले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. "ताई, एक मिलीलिटर रक्तात तांबड्या पेशीच 500 कोटींच्या आसपास. त्यात कॅन्सरच्या असल्याच तर दोन-चार. अमेरिकेत 2004 साली अशा मोजणीला मान्यता मिळाली, ती पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी. थायरॉईडमध्ये अजून संशोधनच चाललंय. शिवाय पॅपिलरी बहुधा आधी मानेतल्या लसिका गाठींत जातो. टेस्ट निगेटिव्ह आली तरी मी सोनोग्राफी सोडणार नाही. पॉझिटिव्ह आली तर पेशी कुठून आल्या, हे ती सांगणार नाही."

त्या रात्री मी रडले. मला एक खात्रीचं उत्तर हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात लांब जायला नको म्हणून जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. अँटीबॉडी 700 च्या वर! तीन आठवडे झोप नाही. नंतर कळलं, तिथली पद्धत वेगळी, आकड्यांची तुलनाच होत नाही. हे रक्त घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. जुन्या लॅबमध्ये परत दिलं: 230. अँटीबॉडी उतरायला वर्षं लागतात, पण उतरत राहायला हव्यात. बघायची ती उतरण. म्हणून लॅब एकच ठेवा, हे मी भेटेल त्या पेशंटला सांगते.

गेल्या आठवड्यात सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी मानेच्या दोन्ही बाजू सावकाश पाहिल्या. थंड जेल कानामागे ओघळत होतं. "गाठ दिसत नाही," म्हणाल्या. संध्याकाळी रिपोर्ट आला. मी आधी खालची ओळ वाचली. 118.