वहीतले बाबा

संध्याकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की बाबा खुर्चीतून उठायचे आणि चपला शोधायला लागायचे. "फेरी सुटतली," एवढंच म्हणायचे. मग दाराच्या कडीशी झटापट सुरू.

बाबा गोव्याच्या नदी परिवहन खात्यात फेरीबोटीवर खलाशी होते. बेती–पणजी, मधली काही वर्षं रायबंदर–चोडण, मग पुन्हा बेती. निवृत्त होऊन चौदा वर्षं उलटली होती, तरी पाववाल्याचा भोंगा त्यांना फेरीचाच वाटायचा. पहिलं वर्षभर मी रोज एकच चूक केली. "बाबा, तुम्ही रिटायर झालात ना," असं समजावत राहिले. त्यांना ती बातमी दर संध्याकाळी नव्यानेच कळायची आणि दर संध्याकाळी त्यांचं तोंड उतरायचं. तोडगा आईने काढला. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "शेवटची गेली हो. आता सकाळची पहिली." बाबा थांबले. चपला काढून पाय धुवायला गेले. "मग पेज वाढ," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरी शेवटची फेरी रोज पदेराच्या आधीच सुटू लागली.

सुरुवात २०१६ ची. लाइटचं बिल दोनदा भरलं, पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. पण बेतीच्या धक्क्यावरून वेऱ्याला, आयुष्यभर चाललेल्या रस्त्यावर ते घर चुकले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. आधी रक्त तपासलं. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसरायला होतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं, म्हणून ते आधी बघायचं. मग एमआरआय. मग ती ३० गुणांची प्रश्नावली: आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा, मघाचे तीन शब्द पुन्हा सांगा. बाबांना १६ मिळाले. डॉक्टरांना म्हणाले, "शाळेत फार गेलो नाही मी, माफ करा." तो 'माफ करा' मला अजून ऐकू येतो. निदान अल्झायमरचं झालं. गोळी आजार थांबवत नाही, काही काळ थोडा टेकू देते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी तसं सांगितलं हे बरं केलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. कागदपत्रं माणसाला सही करता येते तोवर करून घ्या. आम्ही उशीर केला. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो तर अंगठा मशीन घेईना, सही जुळेना. समोर बसलेल्या जिवंत माणसाला पुन्हा या म्हणून सांगितलं. तीन खेपा झाल्या. शेवटी एक अधिकारी स्वतः घरी आले, बाबांशी दोन शब्द बोलले आणि काम झालं. घरी येऊन दाखला घेता येतो, हे पहिल्याच दिवशी कोणी बोललं असतं तर!

सांभाळणाऱ्याचंही बघावं लागतं, हे मला फार उशिरा उमगलं. २००८ साली गोव्यातल्याच ८१ कुटुंबांवरचा एक अभ्यास छापून आला होता: घरी येऊन आजार नीट समजावला, धीर दिला, तर सांभाळणाऱ्याच्या मनावरचा भार हलका होतो. मी तो वाचला तेव्हा आई रात्रीतून पाच-पाच वेळा उठत होती. दुपारी दोन तासांसाठी एक बाई ठेवली. पहिल्या दुपारी आई जी झोपली ती चहालाच उठली.

२०१९ च्या चवथीला बाबांना माझं नाव येत नव्हतं. भाऊ माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधत होता आणि नारळ घसरत होते. बाबा उठले, त्याच्या हातातली केवणीची दोरी घेतली आणि एक गाठ मारली. मग दुसरी. सुपारीचं शिपटं, तोरिंग, कांगलां, आंबाडे, चिबूड. कशाचंच नाव त्यांना सांगता येईना. पण बोटं दोरीवरून अशी फिरत होती की जणू समोर धक्का आहे आणि भरती लागलीय. दीड तास. शेवटची गाठ ओढून त्यांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली, जशी आयुष्यभर फेरीची पाहिली असेल. विसर्जनानंतर ती गाठ सोडवायला भावाला कोयता लागला.

मी शाळेची दोनशे पानी वही केली होती. बाबा जे बोलत ते तारीख घालून लिहायचं. 'तिका पयलीं सोड.' 'पुलाचो आवाज न्हय तो.' 'पिवळी छत्री रवली', म्हणजे राहिली. आम्हांला ती बडबड वाटायची. तरी लिहीत राहिले.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. बाराव्याला त्यांच्या बरोबरचे दोन म्हातारे खलाशी आले. मी वही काढली. पहिलं वाक्य वाचताच एकाने पानाचा विडा बाजूला ठेवला. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला आणि पणजीला जाणारी सगळी गर्दी फेरीवर आली. त्यातल्या एका रात्री बाळंतपणाची बाई आली. पुढे ट्रक लागलेला. बाबांनी ट्रकवाल्याला मागे घ्यायला लावलं, गर्दी हटवली. "'तिका पयलीं सोड' म्हणून ओरडला तो. आम्ही सगळे घाबरलो, एवढा मोठा आवाज त्याचा कधी ऐकलाच नव्हता." बाबांनी घरी हे कधी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. तिने ते दोनदा सांगायला लावलं.

वहीतली अकरा वाक्यं अशी लागली. बाकीच्यांसाठी मी अधूनमधून बेतीच्या धक्क्यावर जाते, जुन्या माणसांना गाठते, वही उघडते. पिवळी छत्री कोणाची, ते अजून कोणाला सांगता आलेलं नाही.