सान ब्लास टाळू नका : शिडाच्या बोटीने मासात्लान ते ला क्रूस

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने शिडाची बोट घेऊन दक्षिणेकडे निघालेले बरेच जण मासात्लान सोडलं की थेट बांदेरासचा उपसागर गाठतात. मधल्या सान ब्लासबद्दल एकच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी असते, तिथले हेहेनेस. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या या चिलटांचा चावा दिवसचे दिवस खाजतो, हे खरंच आहे. तरीही या पट्ट्यात एकाच गावी थांबायला सवड असेल, तर ती सान ब्लासला द्यावी असं माझं ठाम मत आहे.

आधी कागदपत्रांचं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त 180 दिवस राहता येतं, पण किती दिवस द्यायचे ते शिक्का मारणारा अधिकारी ठरवतो, तेव्हा तिथेच आकडा वाचून घ्या. बोटीचा तात्पुरत्या आयातीचा परवाना वेगळा, तो 10 वर्षं चालतो. चक्रीवादळांचा मोसम 15 मे ते 30 नोव्हेंबर, म्हणून फिरायचं ते थंडीत.

मासात्लान मोठं शहर आहे. जुन्या भागातली घरं आणि टेकडीवरचं दीपगृह पाहा, बाजार भरा आणि निघा.

तिथून इस्ला इसाबेल हे बेट रात्रभराच्या अंतरावर आहे. दुपारी निघालं की उजाडल्यावर पोचता येतं, आणि उजेडातच पोचायला हवं, कारण तळ खडकाळ आहे आणि नांगर कपारीत अडकतो. नांगराच्या टोकाला वेगळी दोरी आणि तरंगता बोया बांधून ठेवला, तर अडकलेला नांगर उलट दिशेने ओढून सोडवता येतो. वाटेत मच्छीमारांच्या लांबच लांब दोऱ्या पाण्यात पसरलेल्या असतात, आणि खूण म्हणून प्लास्टिकची रिकामी बाटली. बोटीच्या पंख्यात दोरी गुंडाळली गेली तर काळोखात कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं. म्हणून पहाऱ्यावर दोघं असावेत.

बेटावर निळ्या पायांचे बूबी पक्षी जमिनीवरच, पायवाटेला लागून अंडी उबवत बसतात. माणूस हातभर अंतरावर आला तरी उठत नाहीत. पाऊल जपून टाका, वाट सोडू नका.

बेटापासून सान ब्लास सुमारे 40 सागरी मैल. गावच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. नवख्यांनी पलीकडच्या मातान्चेनच्या उथळ, रुंद उपसागरात नांगर टाकावा. तळ चांगला धरतो. किनारा इतका सपाट आहे की डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, बरीच अलीकडे टेकते, मग ती ओढत न्यायची. दुपारी उतरा आणि सूर्य कलायच्या आत बोटीवर परता. पहाट आणि संध्याकाळ ही हेहेनेसची वेळ. साध्या मच्छरदाणीतून ते आत येतात, जाळी अगदी बारीक विणीची हवी. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायमोजेसुद्धा.

किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर केळ्याचा ताजा पाव मिळतो. आणि फणस! नायारित राज्यात फणसाच्या बागाच आहेत, तिथे त्याला याका म्हणतात. रस्त्याकडेला एक बाई हाताला तेल चोळून गरे सोडवत होती. चीक पुसायला बाजूला फडकं, गरे प्लास्टिकच्या पेल्यात, वर हवं तर तिखट आणि लिंबू. आम्ही दोन पेले बिनतिखटाचे घेतले आणि आठळ्या मागून घेतल्या. त्या टाकायच्या सोडून उकडायला नेतोय म्हटल्यावर तिने आणखी मूठभर दिल्या.

ला तोवाराची खारफुटीतली फेरी सकाळीच करा. अरुंद कालव्यातून पांगा, म्हणजे तिथली उघडी मोटरबोट, जाते, दोन्ही बाजूंनी मुळांचं जाळं, मध्येच मगर ऊन खात पडलेली, आणि शेवटी गोड्या पाण्याचा झरा. पांगाचे पैसे पूर्ण बोटीचे असतात, तेव्हा आणखी कुणी सोबत मिळतंय का पाहा. परतताना ला कोन्तादुरीआची टेकडी चढा. 1768 मध्ये स्पेनने इथे आरमारी तळ उभारला, आणि कॅलिफोर्नियाच्या वसाहतींना रसद नेणारी जहाजं इथून सुटत. आता टेकडीवर किल्ल्याच्या भिंती आणि तोफा उरल्या आहेत, खाली खाडी आणि नारळी. अशा ठिकाणी तासभर तरी बसावं.

शाकाहारी मंडळींनी घेवड्याची उसळ मागवताना ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय) सांगावं, नाहीतर तिच्यात डुकराची चरबी असू शकते.

पुढे ‘चाकाला’ नावाचं गाव लागतं. तिथे समुद्राच्या फुगवट्याने बोट रात्रभर डोलते, पुढे-मागे दोन्हीकडे नांगर टाकले तरच झोप मिळते. चाकालाहून भल्या पहाटे मतलई वाऱ्यावर निघा, म्हणजे दुपारचा वारा वाढायच्या आत पुंता मिताचं टोक ओलांडून बांदेरासच्या उपसागरात शिरता येतं. डिझेल आणि पाणी तिथल्या ला क्रूसला भरून घ्या. त्यापुढे काबो कोरिएन्तेसचं भूशिर आहे, तिथे वारा आणि लाटा दोन्ही जोर धरतात, तेव्हा हवामान पाहून रात्रीच वळसा घाला.