आमची वाटचाल : दर्यापुरातून मॅकवर

विंडोजसाठी बनलेला गेम ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर चालता करून द्यायचा आणि पुढची काही वर्षं तो चालतच राहील हे बघायचं, एवढाच आमचा धंदा. पहिला अर्धा भाग ऐकायला भारी वाटतो, पैसे दुसऱ्या अर्ध्यात आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-बनोशाला, कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण हे काम करतो. गावातली पोरं अजून दारात येऊन विचारतात, "भाऊ, याच्यावर जीटीए चालते का?" जीटीए ५ मॅकवर कधी आलाच नाही. व्हॅलोरंटही नाही. मग ती पोरं आमच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात आणि निघून जातात.

मॅकवर गेम का नाहीत, याचं कारण मशीनमध्ये शोधणाऱ्यांनी जुना इतिहास एकदा बघावा. १९९९ साली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने मॅकवर्ल्ड या प्रदर्शनाच्या मंचावरून 'हेलो' हा गेम जगाला दाखवला, बंगी या कंपनीचा, आणि तो मॅकवर येणार होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंगी विकत घेतली आणि 'हेलो' २००१ साली एक्सबॉक्सबरोबर आला. मॅकवाल्यांना तो २००३ च्या डिसेंबरात मिळाला. त्या काळात अमेरिकेतली ॲस्पायर आणि लंडनची फेरल या कंपन्या मूळ गेमचा परवाना घेऊन मॅकची आवृत्ती बनवायच्या आणि स्वतंत्र डबा म्हणून विकायच्या. काम करणारा आणि विकणारा एकच, त्यामुळे हिशोब सोपा होता.

तो हिशोब स्टीमने, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने, बदलला. व्हॉल्व्ह कंपनीने १२ मे २०१० रोजी स्टीम मॅकवर आणलं आणि 'पोर्टल' हा गेम २४ मेपर्यंत फुकट वाटला. मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो, मॅक फक्त फोटोत पाहिलेला. गंमत फुकटच्या 'पोर्टल'मध्ये वाटली, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मला बऱ्याच वर्षांनी, पुण्यात गेम कंपनीत नोकरी करताना कळली. स्टीमवर ज्याने विंडोजसाठी गेम घेतला त्याला मॅकची आवृत्ती त्याच पैशात मिळू लागली. गिऱ्हाइकासाठी ही सोन्यासारखी सोय. पोर्ट करणाऱ्यासाठी, म्हणजे गेम दुसऱ्या मशीनवर नेणाऱ्यासाठी, मात्र अर्थ असा की मॅकवर आलेल्या कितीतरी खेळाडूंनी पैसे आधीच भरलेले असतात. त्यात स्टीमच्या दरमहाच्या सर्वेक्षणात मॅकचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून नवीन विक्रीच्या टक्केवारीवर पोट भरायचा विचार आम्ही कधी केला नाही. काम करायचं ते ठरलेल्या फीवर.

पुण्यात असतानाच, ७ ऑक्टोबर २०१९ ला मॅकओएस या मॅकच्या सिस्टिमची कॅटालिना ही आवृत्ती आली आणि जुन्या धाटणीचे ३२-बिट प्रोग्रॅम चालणं कायमचं थांबलं. काल चालणारा गेम आज उघडेना, अशा तक्रारींचा आमच्या सपोर्टवर पाऊस. विंडोजवर वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही बहुतेक वेळा चालतो. ॲपलची रीत उलटी आहे. पॉवरपीसी सोडून २००६ साली इंटेल चिप आली, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालवायला रोझेटा दिला आणि २०११ च्या लायन या आवृत्तीत तो काढून टाकला. पडद्यावर चित्र काढायचं ओपनजीएल ४.१ वर आणून ठेवलं आणि २०१८ साली तेही 'जुनं झालं' म्हणून जाहीर केलं, आता त्याजागी आमचं मेटल वापरा म्हणाले. मला यात ॲपलचा राग येत नाही. दर काही वर्षांनी जमीन सरकते म्हणून तर आम्हाला काम आहे.

लॉकडाऊनमध्ये मी दर्यापूरला आलो आणि परत गेलो नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलऐवजी ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आले. मॅक मिनीची किंमत ६४,९०० रुपये. मी किंमत बघितली, पण त्याहून जास्त त्याची वीज बघितली. ॲपलच्याच आकड्याप्रमाणे पूर्ण ताकदीने चालताना जास्तीत जास्त ३९ वॉट. ग्राफिक्स कार्ड लावलेला विंडोजचा पीसी याच्या दसपट वीज सहज खातो आणि लोडशेडिंगमध्ये घरचं इन्व्हर्टर त्याला काही पुरत नाही. मॅक मिनी मात्र पंखा आणि दोन दिव्यांबरोबर आरामात चालतो. दर्यापुरात बसून हे काम होऊ शकतं हे मला इंटरनेटच्या वेगावरून पटलं नव्हतं, या ३९ वॉटवरून पटलं.

पैसे मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, दिले. आधी त्यांनी नीट उलटतपासणी घेतली.

"म्हणजे गेम तू बनवत नाई?"

"नाही मोठेबाबा. त्यांचा बनलेला असतो, आपण तो दुसऱ्या मशीनवर चालवून द्यायचा."

"अन् एकदा चालला की?"

"की काम संपलं."

"मंग हे काही बरोबर नाई बापा. गावात पाह्य, मोटर विकणारा सीझनले कमावते. रिवाइंडिंगवाला बारा महिने कमावते."

देखभालीचा वार्षिक करार ही आमच्या फर्मची मुख्य कमाई आहे आणि तिचं मूळ या संभाषणात आहे. मोठेबाबांनी आजवर एकही गेम खेळलेला नाही.

पहिली कामं कॅटालिनाने मारलेल्या गेमची मिळाली. युरोपातले छोटे स्टुडिओ, दोन-तीन माणसांचे, ज्यांच्याकडे जुन्या गेमला हात लावायला वेळ नाही. काम वरवर सोपं : तोच कोड ६४-बिटमध्ये पुन्हा बांधायचा. अडतं ते दुसऱ्यांच्या लायब्ररीपाशी, म्हणजे तयार कोडच्या संचापाशी. आवाजाची, व्हिडिओची लायब्ररी कुणाकडून तरी घेतलेली असते, ती फक्त ३२-बिटमध्ये असते आणि देणारा धंदा बंद करून गेलेला असतो. मग तेवढा भाग उपटून नवा बसवायचा. अशी कामं कंटाळवाणी असतात आणि वेळेवर पैसे देणारे लोकही याच कामांत जास्त भेटतात.

खरी परीक्षा एम-चिपसाठी नेटिव्ह, म्हणजे थेट त्याच चिपसाठी बांधलेली, आवृत्ती बनवताना झाली. इंटेलसाठी बांधलेला प्रोग्रॅम एम१ वर नव्या रोझेटा २ मधून चालतो आणि चांगला चालतो. एका स्टुडिओला तेवढ्यावर समाधान नव्हतं. बांधणी केली, गेम सुरू झाला, वेग वाढला, सगळे खूश. पण कधीतरी, पाचपन्नास वेळा सेव्ह केल्यावर एखादी सेव्ह फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी निघायची. विंडोजवर हे कधी घडलं नव्हतं. रोझेटाखालीही घडत नव्हतं. आमच्याकडे अंजनगावची एक मुलगी आहे, बीएस्सी करून आलेली, तिने हा प्रश्न सोडला नाही. शेवटी कारण सापडलं ते असं. गेममध्ये एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) खेळाची अवस्था मेमरीत लिहायचा आणि शेवटी 'तयार आहे' अशी खूण करायचा. दुसरा थ्रेड ती खूण बघून फाइल लिहायचा. इंटेलच्या चिपवर एका थ्रेडने ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते दुसऱ्याला दिसतं. एम-चिप ज्या घडणीची आहे त्या एआरएमवर तसं बंधन नसतं, खूण आधी दिसू शकते आणि माल नंतर. मग रोझेटाखाली का घडलं नाही? कारण ॲपलने एम-चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळायची सोय करून ठेवली आहे आणि रोझेटा चालताना ती चालू असते. नेटिव्ह बांधणी केली की ते छत्र जातं आणि कोडमधली झाकलेली चूक उघडी पडते. ती चूक मूळ कोडमध्ये पहिल्या दिवसापासून होती. दुरुस्ती चार ओळींची, त्या खुणेचं व्हेरिएबल ॲटॉमिक करायचं, म्हणजे क्रम पाळायला लावायचं. आता प्रत्येक नवीन कोड आला की आम्ही आधी थ्रेड कुठे काय वाटून घेतात तेच वाचतो, ग्राफिक्स नंतर.

२०२३ च्या जूनमध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट काढलं. विंडोजचे प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालवणाऱ्या 'वाइन' या सॉफ्टवेअरच्या पायावर उभं, आणि विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ च्या चित्र काढायच्या आज्ञा जागच्या जागी मेटलमध्ये बदलणारं. विंडोजचा गेम त्यात टाकला की बरेचदा चालूच लागतो. ओळखीच्या लोकांचे फोन आले, आता तुमचं काय. झालं उलटंच. पूर्वी स्टुडिओला 'तुमचा गेम मॅकवर चालेल' हे पटवण्यात वेळ जायचा. आता ते स्वतःच संध्याकाळभरात बघतात आणि मग आम्हाला लिहितात. ॲपलने ते चाचपणीसाठी दिलं होतं. चालणं आणि विकण्याजोगं होणं यात बरंच अंतर असतं, आणि त्या अंतराचेच पैसे आम्ही घेतो. मेटलचे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच बांधून ठेवले नाहीत तर नवीन शत्रू दिसला की गेम अडखळतो. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोच्या पडद्याला वर खाच आहे, तिच्यामागे खेळाडूची आयुष्यरेषा लपते. कंट्रोलच्या जागी कमांड ठेवलं तर घाईत त्याच्याबरोबर क्यू दाबला जाऊन अख्खा गेम बंद पडतो, कारण मॅकवर कमांड-क्यू म्हणजे प्रोग्रॅम बंद. ट्रॅकपॅडवाला राइट-क्लिक करून करून वैतागतो. नोटरायझेशनसाठी, म्हणजे ॲपलकडून प्रोग्रॅम तपासून घेण्यासाठी, हार्डन्ड रनटाइम हे सुरक्षेचं बंधन चालू केलं की स्टीमचा ओव्हरले (गेमवरच उघडणारी स्टीमची खिडकी) उघडत नाही, कारण बाहेरची लायब्ररी आत घ्यायला मॅक नकार देतो. त्यासाठीच्या दोन परवानग्या हाताने लिहून द्याव्या लागतात. यातलं एकही काम कुणाच्या जाहिरातीत दिसणार नाही.

उन्हाचं मात्र आम्ही भांडवल केलं. मॅकबुक एअरला पंखाच नाही, तापलं की चिप स्वतःचा वेग कमी करते. वातानुकूलित ऑफिसात गुळगुळीत चालणारा गेम आमच्याकडे मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, पत्र्याच्या खोलीत अर्ध्या तासाने कसा चालतो याचा अहवाल आम्ही देतो. एका स्टुडिओने गंमत म्हणून मागवला होता, आता तो प्रत्येक करारात असतो.

इंटरनेटचं दुखणं होतं, आता कमी आहे. गावातल्या केबलवाल्याने फायबर ओढला. स्टीमची अपलोडची पद्धतही कामाची आहे, ती गेमचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करते आणि बदललेले तेवढेच पाठवते. पहिल्यांदा मोठा गेम चढवताना रात्र जाते, पुढे नाही. बँकेत परदेशातून आलेला पहिला पैसा अडकला होता, कारण शाखेत 'सॉफ्टवेअर निर्यात' दर्यापुरातून कुणी कधी दाखवली नव्हती. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरलेला होता, पर्पज कोड (पैसा कशापोटी आला हे सांगणारा संकेतांक) समजावून सांगितला, चहा झाला, सुटला. एका ग्राहकाने मात्र काम नेलं आणि पत्रांना उत्तर देणं सोडलं. तेव्हापासून अर्धे पैसे आधी.

माणसं सगळी पंचक्रोशीतली. दोघांच्या घरी शेती आहे, कापूस वेचणीला आला आणि मजूर मिळेनात की ते सकाळी शेतात आणि दुपारून इथे. वेळापत्रकात आम्ही ते धरूनच तारखा देतो. पोळा आणि तान्हा पोळा या दिवशी काहीच बाहेर जात नाही, हेही ग्राहकांना आधी लिहून कळवतो.

आता पुढची सरक आलीच आहे. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने सांगितलं की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील, नंतर त्याचा थोडा भाग फक्त जुन्या, कुणी सांभाळत नसलेल्या गेमसाठी ठेवू. त्याच महिन्यात खुद्द स्टीमचं ॲप एम-चिपसाठी नेटिव्ह झालं, तेही आधी बीटा म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत. पुढच्याच महिन्यात, जुलैत, 'सायबरपंक २०७७' हा मोठा गेम मॅकवर आला आणि मोठ्या कंपन्यांनाही इकडे बघावंसं वाटू लागलं आहे, पण ती कामं आमच्या अंगाची नाहीत. आमचे ग्राहक म्हणजे २०१५ च्या आसपास गेम काढलेले, अजून दरमहा थोडी विक्री असलेले, आणि इंटेलच्या बांधणीवर अडकलेले लोक. त्यांचे गेम 'कुणी सांभाळत नसलेल्या' यादीत बसतील की नाही, याची वाट बघत बसण्यापेक्षा नेटिव्ह करून घेणं स्वस्त पडतं, एवढंच आम्ही त्यांना सांगतो. या वर्षाअखेरपर्यंतचं काम भरलेलं आहे.

कर्नल पातळीवरचं अँटी-चीट (सिस्टिमच्या गाभ्यात बसून खेळातली फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम) असलेले ऑनलाइन गेम आम्ही घेत नाही, सोर्स कोड हरवलेले गेमही घेत नाही. दोन जागा भरायच्या आहेत. सी++ येत असेल तर उत्तम. नसेल तर सी नीट यावी आणि दुसऱ्याचा कोड न कंटाळता वाचता यावा, उरलेलं इथे शिकवू. राहायची सोय गावात होते. दुपारचा डबा सगळ्यांसाठी एकाच घरून येतो.