बेस गिळणारा डबा

खोलीत बेस घुमायला लागला की लोक आधी काय करतात, तर ते पिरॅमिडवाले फोमचे तुकडे आणून भिंतीवर चिकटवतात. मग टाळी वाजवून बघतात, टाळी कोरडी झालेली असते, खूश होतात, आणि गाणं लावलं की बेस गिटारची तीच एक नोट ढुम्म करून अंगावर येते. आता तर जास्तच येते, कारण वरचे आवाज फोमनं खाल्ले आणि खालचे जसेच्या तसे राहिले.

हिशोब अवघड नाहीये. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल तर ३४३ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला मोड (म्हणजे खोली स्वतःच घुमते ती फ्रिक्वेन्सी), मग ८६ ला दुसरा, १२९ ला तिसरा. लांबी, रुंदी, उंची, प्रत्येकाची अशी वेगळी रांग, आणि दोन रांगांचे आकडे एकमेकांवर पडले (चौरस खोलीत पडतातच) तर विचारूच नका. सब (सबवूफर, खालचे आवाज वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यात ठेवून ४३ चा टोन लावा आणि खोलीत चालून बघा. भिंतीला पाठ टेकली की छातीत धडधड, आणि बरोबर मधोमध आलात की अरे आवाज गेला कुठे! सब तेवढाच वाजतोय.

फोम का चालत नाही तर भिंतीपाशी हवा पुढेमागे हलतच नाही, तिथे नुसता दाब वरखाली होतो, आणि फोमला काम करायला हवेची हालचाल लागते. ४३ ची लाट ८ मीटर लांब, हालचाल सगळ्यात जास्त पाव लाटेवर, म्हणजे भिंतीपासून २ मीटर आत. तिथे कोण फोम लावणार?

इक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणं) करा, जरूर करा. ४३ चा डोंगर कापला की निदान तुमच्या खुर्चीत बरं वाटतं. पण ते त्या खुर्चीपुरतंच, शेजारी बसलेल्याचं काय व्हायचं ते होतंच. आणि जिथे आवाज गायब होतो तो खड्डा तर इक्यूनं भरताच येत नाही, जेवढं ओताल तेवढं तिथेच रद्द होणार आणि वर बिचारा ॲम्प गरम होणार.

आता ॲक्टिव्ह वाला प्रकार, म्हणजे माईक, ॲम्प आणि स्पीकर असलेला बेस गिळणारा डबा. कल्पना नवी नाही, अमेरिकन कंपनी आरसीएच्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी १९५३ मध्येच 'इलेक्ट्रॉनिक साउंड ॲब्सॉर्बर' छापला होता: स्पीकरच्या कोनसमोर (पुढेमागे हलणाऱ्या पडद्यासमोर) अगदी जवळ माईक, मधे ॲम्प, माईकपाशी दाब वाढला की कोन आत जायचा, कमी झाला की बाहेर. बहुतेकांना वाटतं की हा डबा 'उलटा आवाज' काढून मूळ आवाज पुसतो, हेडफोनमधल्या नॉइज कॅन्सलिंगसारखं. इथेच गडबड होते. कारण माईकपाशी दाब पूर्ण शून्य केलात तर लाट तिथून परतच जाते, फक्त उलटी होऊन! कडक भिंत शंभर टक्के परत पाठवते आणि शून्य दाबाची 'मऊ' भिंतही शंभर टक्केच. ऊर्जा खायची तर मधलं काहीतरी लागतं, चेंडू फरशीवर आपटला तर उसळतो आणि गादीवर पडला तर तिथेच बसतो तसं. हवेचा स्वतःचा इम्पिडन्स (लाटेला होणारा विरोध) ४१० पास्कल-सेकंद प्रति मीटरच्या आसपास असतो, तेवढाच विरोध दाखवणारी भिंत मिळाली की तिच्यावर सरळ आपटलेली लाट परत येतच नाही.

पण डबा छोटा, भिंत मोठी. म्हणून मग डब्याच्या तोंडावर हवेला थोडा विरोध करणारी जाळी लावतात आणि आतला कोन हवा ओढून घेतो, विरोध हवेपेक्षाही बराच कमी ठेवतात, म्हणजे आजूबाजूची हवा त्या तोंडाकडे धावते आणि एवढासा डबा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या भोकासारखा वागतो. स्विस कंपनी पीएसआय ऑडिओचा एव्हीएए ह्याच तत्त्वावर चालतो, साधारण १५ ते १५० हर्ट्झ, आणि म्युझिक सिस्टीमला वायर जोडायची गरजच नाही, गाणं कुठलं चाललंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला ह्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. १५० च्या वर का नाही, तर माईक आणि कोनच्या मधे थोडा का होईना उशीर असतोच, वर गेलं की तो उशीर फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) फिरवतो आणि डबा आवाज खायच्या ऐवजी स्वतःच शिट्टी मारायला लागेल.

जागा कोपऱ्यातच, कारण सगळ्या मोडचा दाब तिथे जास्त. खोलीच्या मधोमध ठेवाल तर ४३ च्या बाबतीत तो नुसतं फर्निचर आहे. आणि खोली मोठी असेल तर एक डबा पुरत नाही हेही खरं.

फरक बघायचा तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच्या (कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात येते त्या) रेषेवर जाऊ नका, तिथे दोनतीन डेसिबल दिसतील आणि तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी? वॉटरफॉल प्लॉट (कुठली फ्रिक्वेन्सी किती वेळात विझते त्याचा आलेख) काढा. मोडच्या डोंगराची रुंदी ४ हर्ट्झ असेल तर तो ६० डेसिबल विझायला २.२ भागिले ४, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त घेतो, रुंदी ८ झाली की वेळ निम्मी, आणि कानाला कळतं ते हेच, किक ड्रम वाजून थांबतो, मागे शेपूट राहत नाही. फक्त डबा चालू आणि बंद अशी दोन्ही मोजणी करताना माईक जागचा हलवू नका, नाहीतर तुम्ही डबा नाही, माईकची जागा मोजताय.