सहा चाकांची गाडी अन् कापसाची रुई

टायरेल पी३४ ही फॉर्म्युला वनची सहा चाकी गाडी. पुढे चार बारकी चाकं, मागे दोन दणदणीत. १९७६ मध्ये जोडी शेक्टरनं तिच्यावर स्वीडनची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी जपानच्या तामिया या खेळणी-मॉडेल कंपनीनं तिचं १/२० मापाचं किट, म्हणजे सुटे प्लास्टिकचे भाग चिकटवून बनवायचं मॉडेल, काढलं. दारव्ह्यात कृषी केंद्रामागच्या खोलीत मी सध्या तेच जोडतोय.

नवी किटं आता फार कमी निघतात. पोलादी साचा कापायचा खर्च अफाट, वर संघाचं अन् प्रायोजकांचं लायसन वेगळं. खऱ्या गाड्यांवरच्या सिगारेटच्या जाहिराती तर किटच्या बऱ्याच डब्यांतून गायबच झाल्या. ते स्टिकर दुसरीकडून घ्या! किटं बनवणाऱ्या रेव्हेलची अमेरिकन मालक कंपनी हॉबिको २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तेव्हा वाटलं होतं आता किटं दुकानात येतील. कशाचं काय.

भाचा म्हणतो, "मामा, बनलेली गाडी भेटते न, काऊन चिपकवत बसता?" त्याचंही खरंच आहे. तयार डायकास्ट, म्हणजे धातूची बनलेली छोटी गाडी, स्वस्त पडते, अन् वेळ कोणाले आहे?

आमची अडचण निराळीच. कापसाच्या सीझनात ओल्या रंगावर रुईचा एक तंतू बसला की पूर्ण बॉनेट घासा. मे महिन्यात एअरब्रशचा रंग हवेतच वाळतो, गाडीवर नुसती भुकटी. पावसाळ्यात वरचा चकाकीचा लॅकर दुधाळ पडतो. राहिले थंडीचे महिने, अन् तेव्हाच दुकानात गर्दी.

कोणाकडे लोटसच्या जुन्या फॉर्म्युला वन गाडीचं न उघडलेलं किट पडून असेल तर कळवा. भावाचं बोलू.