भाडेकरूच्या ई-बाईकची बॅटरी पेटली आणि त्यानंतरचे दोन महिने (माझा अनुभव)

आधीच सांगून टाकतो, कोणाला काही झालं नाही. आईला दोन दिवस खोकला होता तेवढंच.

आमचं बडोद्यात कारेलीबागेत जुनं चार मजली अपार्टमेंट आहे, लिफ्ट नाही, एकच जिना, जिन्याखाली सगळ्यांची मीटरं आणि तिथेच जागा मिळेल तशा दुचाक्या. आम्ही तिसऱ्यावर राहतो आणि तळमजल्याचा वन बीएचके वडिलांनी 1994 ला घेतलेला, तो भाड्याने देतो. सध्या नंदुरबारकडची दोन पोरं आहेत, एक मकरपुरा जीआयडीसीत कामाला, दुसरा फूड डिलिव्हरी करतो. डिलिव्हरीवाल्याकडे ती हळू चालणारी ई-बाईक, 250 वॉटची, 25 च्या वर जात नाही, तिला नंबरप्लेट लागत नाही की लायसन्स. पोरगा चांगला आहे, भाडं पाच तारखेच्या आत.

मे महिना, रात्री पावणेदोन. बायको म्हणाली प्लास्टिक जळल्याचा वास येतोय. मी दार उघडलं तर जिना धुराने भरलेला, पांढरट करडा, घशाला लागणारा, आणि खालून शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा फुस्स आवाज. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबला, आईला बाल्कनीत बसवलं आणि 101 फिरवला. एकच जिना असला की तळाशी काय ठेवलंय यावर वरच्या सगळ्यांचं अवलंबून असतं हे मला वयाच्या 52 व्या वर्षी कळलं.

तोवर खाली त्या पोराने मेन पाडला आणि पेटलेली बाईक कॅरियरला धरून ओढत अंगणात काढली, ज्यासाठी मी त्याला नंतर मनसोक्त शिव्या घातल्या कारण ती बॅटरी त्याच वेळी फुटली असती तर? दांडिया बाजारहून बंब आला, पाण्याचा मारा केला, विझलं असं वाटलं आणि पंधरा मिनिटांनी परत धूर, परत पाणी. आमच्या शेजाऱ्यांनी पावडरचा सिलिंडर आणला होता, तर जवान म्हणाला याने वरची ज्वाळा जाते, आत सेल तापलेलेच राहतात, एकाची उष्णता दुसऱ्याला पेटवते, हे थंडच करावं लागतं. बरं, आमच्या सिलिंडरवर रिफिलची तारीख 2019 ची होती. ते वेगळंच.

सकाळी पाहिलं तर दोन मीटरं काळी आणि जिन्याचं छत कोळशासारखं.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. मंत्री (इकडे सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात) माझ्याकडे बघून म्हणाले, "आने काले ज खाली करावो." म्हणजे याच्याकडून उद्याच घर खाली करून घ्या. कोणीतरी रतलामचं काढलं, जानेवारी 2025 ला तिथे चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर पेटून अकरा वर्षांची मुलगी गेली होती, मग काय, सगळ्यांचं एकच, ईव्ही बंद म्हणजे बंद. खरं सांगतो, माझंही तेच मत होतं. रात्री खाली जाऊन त्याला म्हटलं, "बघ रे, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे सोय बघ." तो नुसता "बरं काका" म्हणाला. बाईक गेली म्हणजे त्याचा धंदा गेला होता, हे माझ्या डोक्यात दोन दिवसांनी आलं.

मीटरची वायरिंग करायला आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला तेव्हा त्याने आधी चार्जर मागितला. चार्जरवर स्टिकर होता, लेड अ‍ॅसिड, 60 व्होल्ट. पोराने सांगितलं की बाईक घेतली तेव्हा लेड अ‍ॅसिडच्या पाच बॅटऱ्या होत्या, त्या बसल्या म्हणून एका दुकानातून लिथियमची जोडून घेतली, स्वस्तात, बिल नाही, आणि चार्जर जुनाच वापरत होता. आता 60 व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये साधारण 16 सेल ओळीने असतात, 4.2 ने धरलं तर फुल म्हणजे 67.2 व्होल्ट, आणि तो जुना चार्जर 73 च्या पुढे ढकलतो. मधला बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं चार्जिंगवर लक्ष ठेवणारं सर्किट, चांगला असेल तर तोडतो. या बॅटरीचा बीएमएस काय लायकीचा होता कोण जाणे, निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली आणि वर पेनाने "60V 30Ah" एवढंच. डिसेंबर 2022 पासून बॅटरीचे नियम कडक झालेत, एआयएस 156 म्हणतात त्याला, पण गल्लीत जोडलेल्या पॅकला कोण तपासतं.

मला आतून बरं वाटलं, म्हटलं चला, चूक त्याचीच. मग इलेक्ट्रिशियनने होल्डरला बल्ब लावलेली त्याची वायर काढली. फ्लॅटच्या सॉकेटात फेज आणि न्यूट्रलला लावली, बल्ब पेटला. फेज आणि अर्थला लावली, काहीच नाही. दुसऱ्या सॉकेटात, तिसऱ्यात, किचनमध्ये, काहीच नाही. "काका, अर्थिंगच नाहीये इथे. तिसरं भोक नुसतं शोभेचं." शिवाय बोर्डात एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, 32 अँपिअरचा आणि वायर बारीक, म्हणजे वायर तापून वितळली तरी तो पडला नसता. आग त्यामुळे लागली नाही, पण पोराने गीझर लावला असता आणि त्यात करंट उतरला असता तर? गेली आठ वर्षं मी हे घर भाड्याने देतोय.

मामेभाऊ वकील आहे, त्याला फोन केला, अपेक्षा ही की तो म्हणेल काढ त्याला. तो म्हणाला, दादा, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट 1882, कलम 108, घरात मोठा दोष आहे, तुला माहीत आहे आणि भाडेकरूला सहज दिसणार नाही, तर सांगणं तुझ्यावर आहे. मी म्हटलं मला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "आता झालं ना माहीत." तुझ्या अकरा महिन्यांच्या करारात कुत्र्यावर एक अख्खा पॅरा आहे आणि चार्जिंगवर एक शब्द नाही, हेही त्यानेच ऐकवलं.

पुढच्या मीटिंगला मी पोराच्या बाजूने बोललो, निम्मे लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये आहे की आपल्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. पण जिन्याखालची जागा सगळ्यांची, तिथे नाही हे सोसायटीने म्हटलं ते बरोबरच होतं. शेवटी कंपाउंडच्या भिंतीला, जिन्यापासून लांब, पत्र्याखाली पॉइंट काढला, माझ्या मीटरवरून वेगळी लाइन, तिला वेगळा एमसीबी आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच. खर्च 6,800, माझा. लोड वाढवावा लागेल का विचारलं तर इलेक्ट्रिशियन हसला, हा चार्जर तीन-चारशे वॉटचा, तुमचा मिक्सर जास्त खातो. अर्थिंगचा नवा खड्डा मात्र सोसायटीचा, त्यावर तीन आठवडे वाद, कारण तो खोदायला मंत्र्यांची तुळस हलवावी लागणार होती. हलली.

मीटरबोर्डाचं बिल मी आणि पोराने निम्मं निम्मं केलं, त्याचं डिपॉझिटमधून नाही, महिन्याला हजार असं. करारात वाढीव पान जोडलं: जिन्यात आणि घरात चार्जिंग नाही, बॅटरीसोबत आलेलाच चार्जर, गल्लीत जोडून घेतलेली बॅटरी चालणार नाही, रात्री साडेदहाला प्लग काढायचा. कंपनीची बॅटरी त्याने हप्त्यावर घेतली.

सगळ्यात जास्त त्रास त्या मेलेल्या बॅटरीने दिला. 2022 च्या बॅटरी वेस्टच्या नियमाप्रमाणे ती परत घेणं बनवणाऱ्यावर आहे, पण बनवणारा कोण? दुकानदार म्हणाला बिल दाखवा. भंगारवाला हात लावेना. एकोणीस दिवस ती अंगणाच्या कोपऱ्यात वाळूच्या घमेल्यात पडून होती आणि सगळे तिला वळसा घालून जायचे, शेवटी ई-वेस्टवाल्या एका अधिकृत केंद्राने घेतली, पावतीही दिली.

हल्ली रोज साडेदहाला पोराचा मेसेज येतो, "काका, काढला." तिसऱ्यावर आमच्या स्वतःच्या घरात अजून बल्ब लावून बघितलेला नाही, इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय.