पेटीचा तिसरा महिना, आणि गोविंदराव टेंब्यांचं खूळ

पेटी (हार्मोनियम) शिकतोय, तिची मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, अडकत होती, ती मोकळी झाली एकदाची. 2019 च्या महापुरात ही पेटी आमच्या सांगलीच्या घरात माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल खाल्लीच असणार, पट्टी फुगलेली. मिरजेत नेऊन दाखवली तर कारागिरानं काळी दोन नीट केली आणि न सांगता शेजारच्या पांढरी दोनची रीडपण (स्वर देणारी धातूची पात) घासून ठेवली. आता तिचा स्वर चढा लागतो. असो.

दरम्यान डोक्यात नुसते गोविंदराव टेंबे (1881–1955). गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटी, 1911 ला मानापमानच्या चाली (नाटक आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचं बरं का), 1913 ला बालगंधर्व आणि नट गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, 1932 ला प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटात संगीत यांचं आणि हरिश्चंद्रपण हेच! वर लिखाण वेगळंच. पण मला विचाराल तर बाकी सगळं नंतर, माणूस मुळात साथीदार, आणि त्यांच्या चालींमध्ये ते कळतं असं माझं मत.

म्हणजे बघा, त्यांच्याच चालीचं 'नाही मी बोलत नाथा' हे गाणं घेऊन बसलोय गेले दोन आठवडे. ठुमरीच्या वळणाची चाल, स्वर सापडायला अर्धा तास पुरला, पण वाजवलं की ते नाट्यगीत न वाटता शाळेची प्रार्थना वाटायची. आत्या गाते आणि मी साथ करतो, तर ती 'नाथा'वर थांबून सूर घोळवतेय तोवर मी पुढच्या ओळीत. शेवटी चिडली, "अरे गातंय कोण, तू का मी? माझ्या मागनं ये की." तेव्हा लक्षात आलं, चालीत तो लाडिक रुसवा घोळवायला मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय आणि मी ती भरून टाकत होतो. आता तिथं नुसता षड्ज (सा) धरून ठेवतो, भाता अगदी हलका. गाणं एकदम सुटलं.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) पेटीवर येत नाही हे सगळ्यांनाच माहितीय, तरी एक जुगाड जमतोय: पहिली पट्टी पूर्ण सोडायच्या आधी दुसरी हळूच दाबायची आणि त्याच क्षणी भात्याचा जोर कमी करायचा. दहातनं तीनदा जमतं. उरलेल्या सात वेळा बोट घसरल्यासारखंच ऐकू येतं.

काळी चारमध्ये (म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून) सगळं बसवून झालं आणि काल आत्या म्हणते, आता वरचं झेपत नाही रे, पांढरी पाच घे. म्हणजे बोटं सगळी नव्यानं बसवायची, ते एकवेळ करीन, पण पांढरी पाचचा पंचम (प) म्हणजे नेमकी तीच घासलेली पांढरी दोन. शनिवारी पेटी घेऊन परत मिरज.